ख्रिस्ती लोक देवळात जाऊन करितात तरी काय?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. भडगाव तालुक्यातील एका गावचे चारपाच कर्ते गृहस्थ एके संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. मास्तर म्हटला की गावाचे अर्ज लिहिणे त्याच्या कपाळी असतेच. विहिरीचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज, डीपी जळाल्याचा अर्ज, सारे आम्हीच लिहून देत आलो. परंतु त्या दिवशीचा अर्ज निराळा होता. गावाच्या कडेला एका गवंड्याची पत्र्याची खोली आहे. तेथे दर रविवारी वीसपंचवीस माणसे जमतात, दार लोटून घेतात, गाणी म्हणतात आणि काहीबाही खातात; तरी ती खोली बंद करावी, असा अर्ज ग्रामपंचायतीस व पोलीस ठाण्यास करावयाचा होता.

आम्ही विचारले, "ते लोक आत करितात तरी काय?" एक म्हणाला, "पैसे वाटतात." दुसरा म्हणाला, "दारू पाजतात." तिसरा म्हणाला, "आपल्या देवांना शिव्या देतात." चौथा जरा घुटमळून म्हणाला, "ते ठाऊक असते तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, गुरुजी?" चौघांत हा चौथाच मनुष्य खरा. आम्ही सांगितले की, जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याविषयी आमची लेखणी चालणार नाही. एक रविवार जाऊ द्या, आम्ही पाहून येतो, मग अर्जाचे बोलू.

आता आमचेही एक पाप येथेच सांगून टाकितो. त्या गवंड्याचा मुलगा आमच्याच वर्गात आहे. पोरे त्याला "पाववाला" म्हणून चिडवीत. आम्ही ते ऐकले होते आणि ऐकून न ऐकल्यासारखे केले होते. दुसऱ्याला अज्ञानी म्हणणारा मास्तर स्वतः किती शहाणा असतो, हे वाचकांनी यावरून ओळखावे.

रविवारी आम्ही गेलो. गवंड्याने चटई टाकली व "या, गुरुजी" म्हणून बसविले. आत ढोलक होती, टाळ होते. बाया-माणसे मिळून वीसएक. त्यांत कापूस वेचणाऱ्या, केळीचे घड वाहणारे, एक शिंपी, एक रिक्षावाला. प्रथम भजन झाले, आणि चाल कोणती? जी आपल्या सप्ताहात कानी पडते तशीच, अभंगाची. मग सर्वांनी डोळे मिटून आठवड्यात झालेल्या चुका मनातल्या मनात कबूल केल्या. मग निंदणी-वेचणीला जाणाऱ्या एका बाईने मराठी बायबल उघडून, अक्षरावर बोट ठेवून, एक पान वाचले. पाळकाने त्यावर अर्धा तास सांगितले. मग ज्याच्या त्याच्या अडचणीसाठी प्रार्थना झाली. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाचे बाळंतपण, आणि पावसाने गेलेला कापूस. तो कापूस तर त्यांचा नव्हताच, ज्यांच्या शेतावर ते मजुरीला जातात त्यांचा होता! शेवटी एका ताटलीत भाकरीचे तुकडे व पेल्यांत द्राक्षाचा रस फिरला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी तो घेतला. आम्ही घेतला नाही व कोणी आग्रहही केला नाही. मग आशीर्वाद झाला व लोक घरोघर गेले. पैसे कोणी वाटले नाहीत. उलट एक थैली फिरली तीत लोकांनीच दहा-दहाच्या नोटा टाकल्या.

एवढे पाहून आम्ही गप्प बसलो असतो तर लेखाचे कारण नव्हते. पण आम्ही मास्तर. पाहिल्याचा अर्थ विचारल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून पुढे पुस्तके चाळली, विचार केला, आणि जे हाती लागले ते शेतकरी व कारागीर बंधूंपुढे ठेवितो.

पहिली गोष्ट नावाची. ख्रिस्ती लोक आपल्या सामुदायिक उपासनेस 'लिटर्जी' म्हणतात. हा शब्द मूळचा ग्रीक, आणि ग्रीकांत त्याचा देवाधर्माशीच संबंध होता असे नाही. अथेन्स शहरात एखाद्या ऐपतदार नागरिकाने सर्वांसाठी लढाऊ गलबत सज्ज करून द्यावे किंवा उत्सवाच्या गायकांचा खर्च उचलावा, अशा सार्वजनिक कामाला ते नाव होते. पुढे ख्रिस्ती लोकांनी तोच शब्द आपल्या उपासनेला लाविला. म्हणजे उपासना हे लोकांचे काम. आपल्याकडे इर्जिक घालतात तेव्हा काय होते? ज्याची नांगरट अडली त्याच्या शेतात सारा गाव आपापले बैल घेऊन उतरतो. कोणी काठावर बसून पाहत नाही, आणि "तुमच्या वतीने मी नांगरतो, तुम्ही मला दक्षिणा द्या" असेही कोणी म्हणत नाही. उपासना इर्जिकीसारखी असावी असे ज्या धर्माच्या शब्दातच लिहिले आहे, त्या धर्माकडे कष्टकऱ्याने एकदा डोळे उघडून पाहावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट हेतूची. आमचे काही सुधारक मित्र म्हणतात, "देवाला कशाला हवी तुमची गाणी? त्याला काय स्तुतीची भूक आहे?" मित्रहो, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण तो तुमच्या आधी बायबलातच विचारलेला आहे. ख्रिस्ताच्या पूर्वी सातआठ शतके आमोस नावाचा एक मनुष्य होऊन गेला. तो पुरोहिताच्या कुळातला नव्हे. मेंढरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा. तो भर देवस्थानात उभा राहून म्हणाला की, तुमच्या सणांचा देवाला वीट आला आहे, तुमच्या गाण्यांचा गलका बंद करा, आणि गरिबाला न्याय मिळेल असे करा. तेथल्या पुरोहिताने त्याला काय सांगितले असेल? "येथून चालता हो, हे राजाचे देऊळ आहे." वाचकहो, पुरोहित कोणत्याही मुलखातला घ्या, त्याचे उत्तर ठरलेले!

पुढे येशू आला. तोही सुताराच्या घरचा, आणि स्वतः सुतारकी करणारा. त्याचे पहिले सोबती मासे धरणारे कोळी. त्याच्या मागून ज्याने गावोगाव मंडळ्या स्थापिल्या तो पौल तंबू करण्याचा धंदा करून पोट भरीत असे. या कारागीर लोकांनी उपासनेविषयी काय नेम घातला तो ऐका. येशूने सांगितले की, तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तेथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तेथेच ठेव, मागे फीर, आधी भावाशी समेट कर, मग ये. बांधाचा तंटा घेऊन देवळात गेलात तर देव दार उघडणार नाही, हा याचा सरळ मराठी अर्थ. देव थांबेल, पण भाऊ थांबता कामा नये! आपल्या तालुक्यात हा नेम उद्यापासून लागू केला तर किती देवळे रिकामी पडतील आणि कोर्टातले किती दावे मिटतील, याचा वाचकांनीच हिशेब करावा.

तेव्हा देवाला खूष करून आपले काम काढून घेणे हा त्यांच्या उपासनेचा शास्त्रोक्त हेतू नव्हे. देवाला लाच चालत नाही. मनुष्याने आठवड्यातून एकदा आपल्या कामावरून उठावे, दुसऱ्या माणसांच्या शेजारी बसावे, आपले चुकले ते कबूल करावे, आपल्याहून मोठा एक धनी आहे आणि त्याच्यापुढे पाटील व सालदार सारखेच आहेत हे ध्यानात आणावे, एका भाकरीचा तुकडा वाटून खावा, व सरळ होऊन पुन्हा कामावर जावे, हा तिचा हेतू. ती भाकर तरी काय? गहू शेतकऱ्याने पिकविला, पीठ दळले, कोणी तरी भाजली. द्राक्षे कोणी तरी खुडली, कोणी तुडविली. देवापुढे ठेवावयास त्यांनी सोने निवडले नाही, हिरा निवडला नाही. माणसाच्या हातचे रोजचे खाणे निवडले. कष्टकऱ्याच्या घामाला याहून मोठा मान तो कोणता?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "मास्तर बाटला!" थांबा. आता दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणे सांगतो, कारण जे आम्ही आपल्या भिक्षुकशाहीला माफ केले नाही ते दुसऱ्याच्या भिक्षुकशाहीला का माफ करावे?

लोकांचे काम म्हणून निघालेली ही उपासना युरोपात पुढे कोणाच्या हाती गेली? पुरोहितांच्या. कित्येक शतके पश्चिम युरोपातल्या शेतकऱ्याला देवळात लॅटिन ऐकावी लागे, आणि लॅटिन त्याला तितकीच समजे जितकी आपल्याला लग्नातली संस्कृत. भाकर त्याला मिळे, परंतु पेला फक्त पुरोहिताने प्यावयाचा असे ठरले. एकाच ताटावर बसलेल्यांत वरचे आणि खालचे असे दोन वर्ग झाले. बोहेमिया देशात यान हुस नावाच्या उपदेशकाने चर्चमधील अनाचाराविरुद्ध आवाज उठविला. त्याला 6 जुलै 1415 रोजी कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळले, आणि त्याच वर्षी त्याच धर्मसभेने सामान्य जनांस पेला नाही असा निर्णय कायम केला. त्याचे अनुयायी एका पेल्याच्या हक्कासाठी लढले. आम्हाला येथे पाण्याच्या एका तळ्यासाठी 1927 साली महाडला लढावे लागले, याचे वाचकांना स्मरण असेलच. पेला असो की तळे, वरच्याने खालच्यास "तू येथे ओठ लावू नको" म्हणण्याची रीत जगभर एकच.

पुढे पापाची माफी चिठ्ठीवर विकण्यापर्यंत मजल गेली. 1517 साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने तिच्याविरुद्ध तक्रार मांडली आणि 1522 साली नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत छापून दिला. रोमच्या चर्चनेही अखेर 4 डिसेंबर 1963 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, असा ठराव केला की उपासनेत लोकांच्या मातृभाषेला वाव द्यावा आणि लोकांनी मुक्याने पाहत न बसता तीत भाग घ्यावा. त्यानंतरच आपल्या वसईच्या कॅथलिक शेतकरी-कोळ्यांची मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. म्हणजे लोकांचे काम लोकांना परत मिळण्यास किती शतके लागली ते पहा. एकदा दलालाच्या हाती गेलेला माल सुखासुखी परत येत नसतो.

आणि ज्यांना वाटते की ही मराठी काल-परवाची, त्यांनी हेही ऐकावे. 1616 साली गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले, ते मराठीत. गोव्याच्या देवळांत लोक ते वाचीत, गात. परंतु 1684 साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी आपली देशी बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. सत्ताधाऱ्याला लोकांच्या भाषेचे भय वाटते ते उगीच नव्हे. ज्याला समजते तो प्रश्न विचारतो. पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सारे बायबल सोप्या मराठीत आणण्यास आयुष्याची शेवटची वर्षे घातली, ती शिकलेल्या पंडितांसाठी नव्हे, तर केडगावच्या मुक्तिसदनातल्या गरीब बायांना समजावे म्हणून. आणि ते छापण्याचे कामही त्या बायांच्याच हातून करून घेतले. 1922 साली रमाबाई वारल्या. त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत एक वेचणारी बाई अक्षरावर बोट ठेवून वाचीत होती, तेव्हा आम्हाला त्यांची आठवण झाली.

आता जातीचे घ्या. ख्रिस्ती देवळात जात नाही असे पुष्कळ पाळक छातीठोकपणे सांगतात. त्यांनी थोडा इतिहास वाचावा. मद्रास इलाख्यातील मंडळ्यांत वरच्या जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनही आधी घेत. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना खास पत्र काढून हा भेद बंद करा म्हणून हुकूम द्यावा लागला, आणि तो ऐकून कित्येकांनी देऊळ सोडले पण जात सोडली नाही! फार लांबचे कशाला, तमिळनाडूत एरैयूर येथे 2008 साली दलित ख्रिस्ती लोकांनी आपली वेगळी मंडळी मागितली, तंटा पेटला, पोलिसांचा गोळीबार झाला व दोन माणसे मेली. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 च्या डिसेंबरात दलित ख्रिस्ती लोकांसाठी धोरण जाहीर करून चर्चमध्ये जातिभेद चालतो हे उघड मान्य केले, हे चांगले झाले. पण रोग मान्य करणे निराळे आणि औषध घेणे निराळे.

यावर आम्ही कोणाचा न्याय लावावा? परक्याचा नको, त्यांच्याच पौलाचा लावू. करिंथ शहरातल्या मंडळीत धनवान लोक लवकर येऊन भरपूर खाऊन-पिऊन घेत आणि मजूर-गुलाम काम आटोपून उशिरा येत तो त्यांना काहीच उरत नसे. पौलाने त्यांना पत्र लिहून झाडले की, तुम्ही जेविता हे प्रभूचे भोजनच नव्हे. ज्याच्यापाशी काही नाही त्याला तुम्ही लाजविता. ध्यानात घ्या, त्याने "उपासना बरोबर झाली, फक्त वागणूक सुधारा" असे म्हटले नाही. पंगत मोडली तेथे उपासनाच झाली नाही, असा त्याचा निकाल आहे. तंबू करणाऱ्याने दिलेला हा निकाल आजच्या प्रत्येक देवळाच्या दारावर लावण्याजोगा आहे.

"पण मास्तर, धर्म परका आहे." हा आक्षेप आमच्या ओट्यावरही निघाला. त्यावर आम्ही त्या गृहस्थांना विचारले की, तुमच्या घरच्या ठेच्यातली मिरची कोठली? मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, शेंगदाणाही तिकडचाच. आज मिरची-शेंगदाण्याशिवाय खानदेशचा घास उतरत नाही. जे आपल्या मातीत रुजले, आपल्या माणसांनी पोसले, ते परके कसले? नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजने लिहिली ती अभंगाच्या अंगाची, कारण ती गाणारे मराठी शेतकरी व महार-मांग होते. याच टिळकांची आपल्या खानदेशाशी गाठ आहे. 1907 साली जळगावास कविसंमेलन भरले तेव्हा धरणगावच्या एका पोरसवदा कवीने सर्वांना चकित केले. ते बालकवी ठोंबरे. टिळकांनी त्यांना पुढे अहमदनगरास आपल्या घरी ठेवून घेतले. बालकवी त्या ख्रिस्ती घरात राहिले, जेवले, शिकले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. ख्रिस्ती माणसाचा उंबरा ओलांडला की माणूस बाटतो असे सांगणाऱ्यांनी हे एवढे उदाहरण पाठ करावे.

आणि आमचे जोतीराव? ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, येशूला त्यांनी आपल्या बळीराजाच्या पंक्तीला बसविले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी त्या उपासनेतले सत्त्व घेतले: निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या नाताळाच्याच दिवशी, पुण्यात पुरोहितावाचून पहिले लग्न लागले. पुढे पन्नास वर्षे झगडल्यावर 1926 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला की, ज्याला विधीस बोलाविलेच नाही त्याला दक्षिणेचा हक्क सांगता येणार नाही. जोतीरावांच्या शेवटच्या पुस्तकात, जे त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली निघाले, एकाच घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी असून सर्वांनी गोडीने राहावे अशी कल्पना आहे. एका छपराखाली चार धर्म नांदू शकतात असे ज्यांनी सांगितले, त्यांचे नाव घेणाऱ्या गावात एक पत्र्याची खोली नांदू नये काय?

तेव्हा कोणी ख्रिस्ती व्हावे असे आम्ही म्हणत नाही. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न, आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने तो हक्क प्रत्येकास दिला आहे. आम्ही म्हणतो ते इतकेच की, उपासना कोणतीही असो, तिला चार प्रश्न विचारावेत. तीत जे बोलले जाते ते निंदणाऱ्या बाईला समजते काय? देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणी वसुली करीत बसला आहे काय? पंगत एकच आहे की कोणी बाहेर, मागे, वेगळा बसला आहे? आणि चौथा, जो सर्वांत कठीण: रविवारी गायलेले सोमवारी शेतावर, दुकानावर, मजुरी मोजताना आठवते काय?

हे चार प्रश्न प्रथम पाळकांस. बाबांनो, तुम्ही नवे भट होऊ नका. थैलीत पडलेल्या दहा-दहाच्या नोटांचा हिशेब मंडळीपुढे दर महिन्यास वाचीत जा. चंगाईच्या सभा भरवून "डोक्यावर हात ठेविला की रोग गेला" असे सांगत असाल, तर तुमच्यात आणि अंगात आणून लिंबू कापणाऱ्यात फरक तो काय? आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण त्याला आधी दवाखान्यात न्या. दुसऱ्याच्या देवाची निंदा करून आपला देव मोठा होत नाही. ज्या सुताराचे नाव घेता त्याने देवळातले सराफांचे पाट उलथून टाकिले होते. ते पाट पुन्हा तुम्हीच मांडू नका.

आणि तेच चार प्रश्न आपल्या लोकांस. श्रावणात आपल्या घरी कानबाई बसते. तिचे रोट भाऊबंद एकत्र बसून खातात, गाणी आपल्या बोलीत होतात, तीत दलालाला जागा नाही. ही आपलीच लोकांची उपासना आहे, आणि चांगली आहे. पण तो भाऊबंदकीचा घेर कोठे संपतो? जो वर्षभर तुमचे केळीचे घड वाहतो तो त्या घेरात कधी येईल? सप्ताहाला हजारोंची वर्गणी देणारा हात मजुराची शंभराची बाकी देताना का आखडतो? आमोस जर आज गिरणेच्या काठी उतरला तर तो पत्र्याच्या खोलीत जाऊन ओरडेल की आपल्या मंडपात, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता त्या अर्जाचे. ते गृहस्थ आठवड्याने पुन्हा आले. आम्ही जे पाहिले ते जसेच्या तसे सांगितले. तुमच्या गेलेल्या कापसासाठी त्यांनी प्रार्थना केली हेही सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाला, "गुरुजी, त्या गवंड्याची माझ्याकडे ओट्याच्या कामाची बाकी आहे." आम्ही म्हटले, "मग आधी ती देऊन या. अर्ज मागाहून लिहू." दोघे रागावून उठून गेले आणि दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेऊ म्हणाले. घेतील कदाचित, लिहिणारे पुष्कळ आहेत. पण बाकी असलेला गृहस्थ जाताना गवंड्याच्या घराच्या वाटेने गेला, हे आम्ही ओट्यावरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात "पाववाला" असा शब्द निघाला तेव्हा आम्ही खडू खाली ठेविला आणि त्या दिवशीचा पहिला तास भाकरीवर घेतला: गहू कोण पिकवितो, दळतो कोण, भाजतो कोण आणि वाटून कोण खातो. गवंड्याच्या पोराने हात वर करून उत्तर दिले. ते बरोबर होते.

— भडगाव तालुक्यातील एक शाळामास्तर